शिक्क्याविना अकरा दिवस

संगणकाच्या पडद्यावर ‘नवीन आवृत्ती आली आहे. आता की नंतर?’ असं विचारलं की तुम्ही काय करता, हे मला ठाऊक आहे. तुम्ही ‘नंतर’ दाबता. लाजू नका, सगळेच दाबतात. आमच्या दूध संघाची इंदापूर तालुक्यात अडतीस संकलन केंद्रं आहेत आणि त्यातली सदतीस ‘नंतर’ दाबतात. बावड्याचं केंद्र माझी आत्या आक्काबाई चालवते. ती ‘आता’ दाबते. ‘येवढं विचारतंय म्हणल्यावर व्हय म्हणावं की,’ असं तिचं म्हणणं.

मी बिरदेव मारकड. बारामतीत भिगवण रोडला एका खोलीत बसून पॅकेजिंग करतो. हे सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पुठ्ठ्याची खोकी येतात. मला बघायला आलेल्या एका मुलीच्या वडिलांनी तर ‘रोज किती बॉक्स जातात?’ असंच विचारलं होतं, आणि मी वैतागून ‘अडतीस’ म्हणालो होतो. ते लग्न जमलं नाही. तर सांगतो. प्रोग्राम दुसरा कुणीतरी लिहितो. तो लिनक्स प्रणालीच्या यंत्रावर नीट बसावा, त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्या, म्हणजे इतरांनी आधीच लिहून ठेवलेले तयार भाग, त्याच्याबरोबर यावेत आणि सगळं एका गाठोड्यात बांधून केंद्रावर पोचावं, हे बघणारा माणूस म्हणजे मी. काम नीट झालं तर मी आहे हे कुणाच्या गावीही नसतं.

संघाचा प्रोग्राम लिहिलाय माझ्या मित्रानं, ऋषिराजनं. तो वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेला, माझ्याबरोबर बारामतीत शिकलेला, आता लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं सांभाळतो. सुट्टीच्या दिवशी त्यानं हौसेनं हा प्रोग्राम लिहिला. बाई केंद्रावर दूध घेऊन आली की वजनकाटा आणि फॅट मशीनचे आकडे आपोआप त्यात उतरतात, पावती छापली जाते आणि पावतीच्या तळाशी आठ अक्षरांचा शिक्का उमटतो. वजन, फॅट, वेळ यातलं काहीही नंतर कुणी बदललं तर शिक्का जुळत नाही. शिक्का आला आणि ‘माझ्या म्हशीचं फॅट मुद्दाम कमी दाखवलं’ ही भांडणं संपली. गावात आता लोक आकडा वाचायच्या आधी शिक्का बघतात.

सोमवारी दुपारी प्रतिक्षाचा फोन आला. ती संघाच्या इंदापूर कार्यालयात सगळ्या केंद्रांच्या नोंदी बघते.

“सर, बावड्याच्या नोंदींना शिक्का न्हाय.”

“आजच्या?”

“आज ध्यानात आलं. मागं बघत गेले तर अकरा दिवस न्हाय.”

“बाकीच्या केंद्रांना?”

“सगळ्यांना हाय. एकट्या बावड्यालाच न्हाय.” मग तिनं आवाज खाली घेतला. “अध्यक्षांनी गुरुवारी मीटिंग लावलीय. शिक्का बंद करून कुणाला तरी फॅट वाढवून दिलं, असं बोलत्यात. केंद्र काढून घ्यायचं म्हणत्यात. तुमच्या आत्या हायत म्हणून आधी सांगितलं.”

केंद्र म्हणजे आत्यासाठी काय होतं, हे सांगायला हवं. आमच्या घरात मेंढरं होती तेव्हा दिवाळी झाली की आई-वडील कळप घेऊन कोकणात उतरायचे ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. माझी शाळा बुडू नये म्हणून मला आत्याकडं ठेवायचे. तिला स्वतःचं मूल नाही. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेले तेव्हा ती सहा महिने कुणाशी फारशी बोलली नाही. मग गावातल्या बायकांनीच संघाकडं तिचं नाव दिलं. सातवी शिकलेली, अक्षर चांगलं, खोटं बोलत नाही, एवढ्या शिदोरीवर तिला केंद्र मिळालं. त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून सकाळी सहा आणि संध्याकाळी पाच या दोन वेळांना टेकून तिचा दिवस उभा असतो. केंद्र गेलं असतं तर ती उपाशी राहिली नसती. पण बारा वर्षं जिच्या हातचं माप गावानं डोळे मिटून घेतलं, तिनं मापात हात घातला असं गाव म्हणालं असतं, आणि आत्या त्यातून उठली नसती.

हे सगळं मला माहीत असताना मी काय करावं? मी तिला फोन लावला आणि तिच्यावरच ओरडलो.

“आत्या, तू कशाला बोट लावलंस?”

“कशाला म्हंजे?”

“शिक्का गेलाय. अकरा दिवस. काय काय दाबलंस ते सांग.”

“मी ‘आता’ दाबलं. दुसरं काय न्हाय.”

“नीट आठव. सेटिंगमधी गेली असशील.”

“न्हाय रं बाबा.” मग जराशानं म्हणाली, “तू जेवलास का?”

मी फोन ठेवला. माझा स्वभाव असाच आहे. यंत्रावर चिडायला जातो आणि माणसावर चिडतो.

मंगळवारी सकाळी गाडी काढली आणि वालचंदनगरवरून बावड्याला गेलो. सकाळचं दूध होऊन गेलं होतं, आत्या कॅन धूत होती. मला बघून तिला आनंद झाला नाही, हे मला जाणवलं. एरवी माझ्या गाडीचा आवाज ओळखून ती दारात येते.

“कशाला आलास येवढ्या लांब? मशीन चांगलं चाललंय.”

“शिक्का येत न्हाय आणि चांगलं चाललंय?”

“आकडं बराबर येत्यात.” हात पुसत ती म्हणाली, “आणि खरं सांगू का, मलाबी आता कंटाळा आलाय. गुडघं दुखत्यात. दोन टाइम उभं ऱ्हावं लागतं. नव्या पोरीला देऊ दे की केंद्र.”

एवढं बोलून ती शिडीवरून सरसर माळ्यावर चढली आणि माझ्यासाठी लोणच्याची बरणी काढून आणली. गुडघे दुखणारी बाई अशी चढत नाही, एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण मी लॅपटॉप उघडून बसलो होतो आणि तिथं जे दिसलं त्यानं माझंच तोंड कडू झालं.

प्रोग्रामला विचारता येतं, बाबा रे, तू कुठल्या कुठल्या लायब्ऱ्या वापरतोस. त्यानं यादी दिली. वजनकाट्याची होती, छपाईची होती, शिक्क्याची नव्हती. म्हणजे शिक्का कुणी बंद केलेला नव्हता. तो या आवृत्तीत मुळात आलाच नव्हता. आणि ही आवृत्ती बांधली होती मी, बरोबर बारा दिवसांपूर्वी.

मी ती बारामतीत बांधतानाची नोंद उघडली. चार हजार ओळी. बांधणी यशस्वी झाली की त्या कुणी वाचत नाही, मीही वाचल्या नव्हत्या. दोन हजार एकशे बाराव्या ओळीवर लिहिलं होतं: ‘शिक्का: नाही. लायब्ररी सापडली नाही.’ त्याच्या खाली काही झालंच नाही अशा थाटात पुढचं काम सुरू.

काय झालं होतं ते समजायला अवघड नाही. ऋषिराजनं प्रोग्राममध्ये शिक्क्यासाठी तीन पर्याय ठेवले होते: ‘हवाच’, ‘नको’ आणि ‘ऑटो’. काही सांगितलं नाही तर ‘ऑटो’. ऑटो म्हणजे, बांधणाऱ्याच्या संगणकावर लायब्ररी दिसली तर शिक्का घाल, नाही दिसली तर त्याच्याशिवाय पुढं जा. माझ्या जुन्या संगणकावर ती लायब्ररी कधीकाळी दुसऱ्याच कशासाठी तरी बसवलेली होती. त्यामुळं पाच वर्षं ती आपोआप सापडत होती आणि पॅकेजला लागणाऱ्या सामानाच्या यादीत तिचं नाव मी लिहिलेलंच नव्हतं. लग्नाच्या यादीत सगळ्या गावाची नावं लिहावीत आणि घरात राहणाऱ्या सख्ख्या भावाचं राहून जावं, तसं. बारा दिवसांपूर्वी मला शिस्तीची हुक्की आली. प्रत्येक पॅकेज कोऱ्या, स्वच्छ जागेत बांधायचं, यादीत असेल तेवढंच सामान आत घ्यायचं, असं ठरवलं. ते बरोबरच होतं. फक्त यादी चुकीची होती.

सदतीस केंद्रं ‘नंतर’ दाबून आळसानं वाचली. आत्यानं ऐकलं आणि ती अडकली.

तिनं ताटात भाकरी वाढली होती. मला तिच्याकडं बघवेना. चूक माझी आहे हे मला लगेच सांगायचं होतं, पण आधी ऋषिराजशी बोलून पक्कं करावं म्हणून मी गप्प राहिलो. ती खात्री नव्हती, भित्रेपणा होता, हे मी आता कबूल करतो. निघताना ती म्हणाली, “गाडी दमानं चालव. आणि त्या मीटिंगला तू येऊ नकोस. उगं तुझा दिवस जाईल.”

लोणी देवकरला ऋषिराजची पाळी सुटायची वेळ झाली होती. कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर तो भेटला. मी नोंदीतली ती ओळ त्याच्यापुढं धरली. त्यानं ती वाचली आणि चहाचा कप खाली ठेवला.

“ऑटो मी का ठेवलं माहितीये ना तुला?” तो म्हणाला. “एका शाळेला जुन्या डबड्यावर हाच प्रोग्राम हवा होता, पोरांना दाखवायला. त्यांच्याकडं ती लायब्ररी बसत नव्हती. शिक्का नसला तरी अडू नये म्हणून ठेवलं.”

“चांगलं केलंस. मग त्यांनी ‘नको’ असं लिहून सांगावं ना. यंत्राला अंदाज कशाला करायला लावतोस?”

“अरे, चालून जातंय तेवढं.”

“तेच तर. चालून जातंय.” माझा आवाज वाढला. टपरीवाला बघायला लागला. “छपाईची लायब्ररी नसली तर पावती येत न्हाय, लगेच कळतं. ही नसली तर काय कळतं? पावती येती, वजन येतं, फॅट येतं, सगळं छान. राखणदारच न्हाय हे कुणाला दिसणार? पंगतीत एखादं ताट रिकामं राहिलं तर कुणीतरी विचारतं. तुझा प्रोग्राम विचारत पण न्हाय.”

“आणि यादीत नाव कुणी लिहिलं नाही?”

“मी.” हे म्हणताना मात्र माझा आवाज आपोआप उतरला.

त्यानं आणखी एक चहा सांगितला. कॉलेजात असल्यापासून आमचं भांडण असंच संपतं, दोघांनाही आपापला वाटा कळला की. मग ऋषिराज हळूच म्हणाला, “एक सांगू? आजच नवीन आवृत्ती सोड. शिक्का परत येईल. कुणाला काही कळायचं नाही. संघाचं काम पण तुझ्याकडंच राहील.”

“आणि आत्या?”

चौकशी लागल्या लागल्या शिक्का परत आला असता तर सगळे म्हणाले असते, बघा, बाई घाबरली आणि चालू केलं. त्याला ते माझ्याइतकंच लख्ख दिसत होतं.

“गुरुवारी अर्धी रजा टाकतो,” तो म्हणाला.

गुरुवारी अकरा वाजता इंदापूरच्या कार्यालयात बैठक सुरू झाली. अध्यक्ष विजयसिंह, सगळे त्यांना तात्या म्हणतात, टेबलाच्या मधोमध बसलेले. दोन्ही बाजूंना संचालक. आत्या भिंतीजवळच्या खुर्चीत, डोक्यावर पदर, हात मांडीवर. मला आत येताना बघून तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

तात्यांनी वेळ घालवला नाही. “आक्काबाई, बारा वर्षांत तुमच्याबद्दल एक तक्रार न्हाय. पण अकरा दिवस शिक्का न्हाय, ते पण फक्त तुमच्याच केंद्राला. ह्याचं काय सांगताय?”

“माझं काय चुकलं असंल तर माझं,” आत्या म्हणाली. “मला त्यातलं लई कळत न्हाय.”

मी उभा राहिलो. “तात्या, ह्यात तिचं काहीच न्हाय. चूक माझी हाय. मी बांधलेल्या आवृत्तीतच शिक्का नव्हता.”

“बिरदेव, तू कोण हायस आक्काबाईंचा?”

“भाचा.”

“मग झालं तर.” संचालकांत हसू पसरलं. “आत्याची बाजू भाच्यानं न्हाय घ्यायची तर कुणी? तू म्हणशील ते आमाला तपासता येत न्हाय. ते यंत्रातलं तुलाच कळतं.”

हा प्रश्न येणार हे मी धरून चाललो होतो. “तपासता येईल. मी हात लावणार न्हाय. तुमच्या गावच्या केंद्राचं यंत्र दुरुस्तीला हितं आलंय. त्याला काल संध्याकाळपर्यंत शिक्का होता. ते प्रतिक्षाताईंनी चालवावं.”

मी दाराशी जाऊन हात मागं बांधून उभा राहिलो. ऋषिराजही माझ्या शेजारी. प्रतिक्षानं यंत्र टेबलावर आणलं, कार्यालयातल्या चहाच्या दुधाचं पातेलं आणलं. आधी होती त्याच आवृत्तीवर एक माप घेतलं. पावती आली, तळाशी शिक्का. ती पावती तात्यांनी स्वतः वाचली. मग पडद्यावर तो प्रश्न आला, आता की नंतर. सदतीस केंद्रांनी टाळलेला.

“दाबा,” मी म्हणालो.

तिनं ‘आता’ दाबलं. दोन मिनिटं गेली. त्याच पातेल्यातलं दूध पुन्हा मोजलं. पावती आली. तात्यांनी ती उलटीपालटी केली, चष्मा वर केला, पुन्हा बघितली. वजन होतं, फॅट होतं, तळ कोरा होता.

“हे तर माझ्याच गावचं यंत्र,” ते पुटपुटले.

“तुमच्या गावानं रोज ‘नंतर’ दाबलं म्हणून तुमचा शिक्का राहिला, तात्या. आत्यानं सांगितलेलं ऐकलं म्हणून तिचा गेला.”

मग आम्ही दोघं टेबलाशी गेलो. ऋषिराजनं प्रोग्राममधलं ‘ऑटो’ काढून तिथं ‘नको असेल तर तसं लिहा, नाहीतर हवाच’ अशी व्यवस्था सकाळीच केली होती. यादी मात्र मी मुद्दाम तशीच ठेवली होती, चुकीची. सगळ्यांसमोर पॅकेज बांधायला लावलं. दीड मिनिटात लाल अक्षरं आली आणि काम थांबलं.

“बंद पडलं की रं हे,” एक संचालक म्हणाले.

“व्हय. आता हे बंद पडतं. आधी गप पुढं जायचं. राखणदार न्हाय तर गाठोडंच बांधायचं न्हाय, असं केलंय.”

मी यादीत ती राहिलेली ओळ लिहिली. बांधायलाही ती लायब्ररी लागेल आणि केंद्रावरच्या यंत्रावरही ती बरोबर येईल, असं दोन्हीकडं नोंदवलं. आठ मिनिटं लागली. तेवढ्यात चहा झाला, आणि मोजायला घेतलेलं दूध त्यात गेलं म्हणून प्रतिक्षा शेजारून वाटीभर दूध मागून आली. माप घेतलं. शिक्का उमटला. ती आठ अक्षरं बघून मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण डोळे भरून आले.

“पण मग ते अकरा दिवस?” तात्यांनी विचारलं. “त्या आकड्यांवर कसा भरवसा ठेवायचा?”

“टँकर आला की शीतकरण केंद्रावर पुन्हा नमुना घेत्यात ना,” प्रतिक्षा म्हणाली. “शिक्का आल्यापासनं तिकडं कुणी बघतच न्हाय. मी कालच जुळवून बघितलं. अकराच्या अकरा दिवस बावड्याचं फॅट टँकरच्या नमुन्याशी जुळतंय.”

हे ती आधी का बोलली नाही, असं तात्यांनी विचारलं. कुणी विचारलंच नाही, असं ती म्हणाली. तिचं खरं होतं.

तात्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग खण उघडून त्यांनी घडी घातलेला एक कागद बाहेर काढला. “आक्काबाई, मग ह्याचं काय करायचं?”

आत्या एकदम उभी राहिली. “तो द्या तात्या माघारी. वाचू नका.”

पण त्यांनी तो माझ्या हातात दिला होता. आत्याचं अक्षर मी कुठंही ओळखीन. माझी बाराखडी त्याच अक्षरात गिरवलेली आहे. लिहिलं होतं:

‘मा. अध्यक्ष यांस. माझे गुडघे दुखत असल्याने मी केंद्र सोडत आहे. शिक्का गेला ती चूक माझीच समजावी. यंत्र व त्यातील प्रोग्राम उत्तम आहे. त्यात काही दोष नाही. त्याची चौकशी करू नये. आक्काबाई.’

तारीख सोमवारची होती. मी फोनवर ओरडलो त्या दिवसाची.

“मंगळवारी पहाटं टँकरच्या ड्रायव्हरकडं दिलं तिनं,” तात्या म्हणाले. “मला वाटलं, बाईनं कबूलच केलंय.”

मी आत्याकडं बघत राहिलो. म्हणजे मंगळवारी मी तिच्या दारात गाडी उभी केली तेव्हा ती केंद्र सोडून मोकळी झालेली होती, आणि तरीही कॅन घासून लखलखीत करत होती.

“तुला कळलं होतं,” मी म्हणालो.

“पैल्याच पावतीला कळलं.” ती खाली बघून बोलत होती, पण आवाज स्थिर होता. “मी ‘आता’ दाबलं आणि शिक्का गेला. न कळायला काय झालं? पडद्यावर लिवलेलं असतं की, बांधणारा बिरदेव मारकड. मी दर बारीला वाचती ते. वाटलं, चुकलं असंल पोराचं, ध्यानात आलं की करील. बायकांनी इचारलं तर म्हणायची, आकडं बराबर हायत, शिक्का येईल. रोज सकाळी बघायची, नवीन आलंय का. न्हाय आलं. मग तुझा फोन आला, आणि तुला काय म्हाईतच न्हाय हे कळलं.”

“मग मला सांगायचं ना.”

“सांगितलं असतं तर तू गावभर ‘माझं चुकलं, माझं चुकलं’ करत हिंडला असतास. तुझा सोभाव मला म्हाईत हाय. संघानं काम काढून घेतलं असतं. माझं काय, मी आता दोन-चार वरसं केलं असतं केंद्र. तुझं सगळं पुढंच हाय.”

मी सगळ्यांदेखत तिच्या खुर्चीजवळ खाली बसलो आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. चाळीशीला टेकलेला माणूस, संचालक मंडळासमोर. तिनं केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “ऊठ. लोक बघत्यात.”

शेवटी तात्यांनी निकाल दिला. केंद्र आक्काबाईंकडंच राहील. अकरा दिवसांच्या नोंदी टँकरच्या नमुन्यावर मान्य. आणि बिरदेवला शिक्षा म्हणून त्यानं अडतीस केंद्रांवर स्वतः जायचं, प्रत्येक ठिकाणी समोर उभं राहून ‘आता’ दाबून घ्यायचं. ऋषिराजला वगळल्याबद्दल मी तक्रार केली, तर तात्या म्हणाले, तो काय भाचा नाही.

पत्र मी आत्याला दिलं नाही. ते माझ्याकडं आहे.

तिला बावड्याला सोडायला मी गेलो. केंद्राच्या दारात ती उतरली तेव्हा पाच वाजत आले होते आणि चार-पाच बायका किटल्या घेऊन उभ्या होत्या. मी तिचा हात धरला. “एक वचन दे. माझी चूक दिसली तर पहिल्यांदा मला सांगायचं. झाकायची न्हाय.”

“तुला वाईट वाटलं तर?”

“वाटू दे.”

तिनं विचार केला. “बरं,” म्हणाली आणि काटा पुसायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला.

“बिरू, पावतीवर ‘म्हैस’ हितं छापायचं तर ‘गाय’च्या डोक्यावर चढतंय. बघितलं मी चार बारी. चूक तुझीच हाय.”

त्याला आता तीन महिने झाले. तिनं आतापर्यंत एकवीस चुका काढल्यात. त्यातल्या एकोणीस खरोखरच माझ्या होत्या, आणि रोज सहा वाजता मी जागा होऊन फोनकडं बघत पडलेला असतो.